मोगली एरंडातल्या भिंती

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. किल्लारीच्या पुढच्या एका लहानशा गावातून त्यांचा पुतण्या सिद्राम बोलत होता. "मॅडम, अप्पा गेले. जुन्या गावठाणात, बसल्याजागीच." सकाळपासून बाया तिथं मोगली एरंडाचं बी वेचत होत्या. अप्पा एका झाडाला टेकून बसलेले त्यांना दिसत होते, पण रोजच बसत, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. त्यांच्या चहूबाजूंचं बी वेचून झालं, पोती भरून झाली. वेचणाऱ्यांत सगळ्यात वयस्क काशीबाई. तिनं त्यांना विचारलंसुद्धा, पलीकडच्या ओळीला आज लागू का उद्या... आणि अप्पांनी मान हलवली, असं ती सांगते. डॉक्टरांच्या हिशेबानं तोवर त्यांना जाऊन दोन तास झाले होते. काशीबाई आजही आपलं म्हणणं सोडत नाही, आणि तिच्याशी वाद घालावा असं मलाही वाटत नाही.

मन्मथअप्पा तेलाच्या घाण्यावर वाढलेला माणूस. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, आणि पहिल्याच वर्षी हे गृहस्थ करडईच्या तेलाची बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. कुणीतरी तेलात भेसळ आहे म्हणालं होतं आणि ते यांच्या जिव्हारी लागलं होतं. मी नळ्या मांडल्या तसं त्यांनी थेंबभर तेल तळहातावर चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, तुमची काच उद्या सांगणार ते माझा हात आज सांगतो. सांगितलं ते खरंच निघालं. पुढे तीसेक वर्षं ते काही ना काही हुंगायला घेऊन येत राहिले, आणि मी त्यांना "चालती प्रयोगशाळा" म्हणून चिडवत राहिले.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा घाणा गेला, घर गेलं आणि बायको गेली. गौराबाई. त्याबद्दल ते बोलत नसत. नवं गाव मैलभर दूर वसलं, सरळ रस्त्यांचं, आकडे टाकलेल्या घरांचं. जुन्या गावठाणावरचे दगडधोंडे हळूहळू हलले, मातीच्या भिंती पावसात विरघळल्या आणि कागदावर ती जागा 'पडीक' झाली. तिथं कुणी नांगर घालत नसे. दुपारी शेरडंही तिकडं वळत नसत. हा माझा डोळ्यांदेखतचा अनुभव आहे, तो भित्रेपणा समजायचा तर खुशाल समजा.

मग विमानाच्या इंधनासाठी झाडाच्या बियांचं तेल हवं, अशी परदेशातून मागणी आली. मोगली एरंडाला, म्हणजे जत्रोफाला, पाणी लागत नाही, जनावर त्याला तोंड लावत नाही, बी विषारी. म्हणजे आमच्या भागासाठीच जन्मलेलं झाड. पण त्या बाजाराचं सोवळं मोठं कडक. अन्न पिकवणारी जमीन चालणार नाही, जंगल तोडलेलं चालणार नाही, कुणाचं घरदार उठवलेलं किंवा कुणाला पुरलेलं असेल तीही जमीन चालणार नाही. पोतं कुठल्या तुकड्यातून आलं हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे, तसा दाखला हवा. तिकडचा ग्राहक म्हणे त्याचेच जास्तीचे पैसे देतो. स्वस्त पामतेलापुढे आणि हॉटेलातल्या वापरलेल्या तेलापुढे आमचं बी केवळ त्या दाखल्यावर टिकणार होतं. गावात बायांचा गट झाला, अप्पा त्यांचे कारभारी झाले आणि शेतांचे बांध व जुनं गावठाण अशी जमीन ठरली. इंग्रजी अर्ज भरायला ते माझ्याकडे आले.

जमिनीचा पूर्वीचा वापर, असा रकाना होता. अप्पा हसून म्हणाले, "जिल्हाच नवा हाय आपला, त्याला मागचा जनम कुठून आसंल?" मीही हसले आणि नोंद उपलब्ध नाही असं लिहिलं. सध्या वास्तव्य... शून्य. कुणाला पुरलेलं आहे का, हे विचारल्यावर ते जरा थांबले. खिडकीकडे बघत म्हणाले, "न्हाई." त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा विचारता आला असता. मी विचारलं नाही, आणि त्याची टोचणी मला आहे.

दाखला मिळाला. झाडं वाढली, बी विकलं जाऊ लागलं. लागोपाठचे दुष्काळ पडले, सोयाबीन करपलं, टँकर येऊ लागले, तेव्हा गावात बायांच्या हाताला काम होतं ते एवढंच. म्हणून यंदा कार्तिकात तपासणीला पुण्याहून एक तरुण बाई आल्या, तेव्हा सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं होतं. इंग्रजी कागदांपुरती दुभाषी म्हणून मी गेले होते.

ऐन दुपार होती. बाई हातात उपग्रहाचा नकाशा घेऊन कडेला उभ्या राहिल्या. नकाशात ती जागा कोरी होती. समोर पानगळ झालेली झाडं, त्यांच्यामधून उघडी जमीन, आणि त्या उघड्या जमिनीवरून बाया चालत होत्या त्या सरळ नव्हे. मोकळ्यावर येऊन अचानक काटकोनात वळायच्या, चार पावलं जायच्या, पुन्हा वळायच्या. समोर दोन हातांवर बी पडलेलं असलं तरी लांबून फेरा घालायच्या. एका ठिकाणी प्रत्येक बाई डोकं थोडं लववून पुढं जायची, वर काही नसताना. मी इतकी वर्षं तिथं जात होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. एकदा दिसल्यावर मात्र मी त्यांच्या पावलांमागून नजर नेत गेले. बाया गल्ल्यांतून चालत होत्या. दारांतून आत जात होत्या. पडलेल्या गावाच्या भिंती त्यांच्या पायांत तशाच उभ्या होत्या.

तपासणीच्या बाईंनी विचारलं, या अशा का वळतात? काशीबाई पदराचं टोक तोंडात धरून अप्पांकडे बघत राहिली. अप्पांनी टोपी काढली.

"तितं माझं घर हाय," ते म्हणाले. "आंगणात गौरा बसलीय. सगळ्यांना येका सरणावर जाळत होते. मी न्हाई दिली. आमच्या लिंगायतांत बसवून पुरतेत. पावसात येकट्यानं खड्डा खांदला अन् बसवली तिला. कागदावर मी न्हाई म्हनलो. माज्याच तोंडानं."

मी ते इंग्रजीत सांगायला लागले, पण त्याची गरज नव्हती. बाईंना मराठी येत होतंच. त्यांनी वही मिटली, एवढंच म्हणाल्या की मला हे कळवावं लागेल.

त्यानंतर बाया अप्पांवर चिडल्या. मेलेल्यांचं कळालं, जित्यांनी काय खायचं, असं काशीबाई त्यांच्या तोंडावर बोलली. अप्पांनी ऐकून घेतलं. मला मात्र फोनवर म्हणाले की आता झोप लागते. वेचणी चालू राहिली, पण पोती गोदामात पडून राहिली, आणि अप्पा रोज सकाळी गावठाणात जाऊन बसू लागले. एक महिना. मग तो फोन.

त्यांना तिथंच, गौराबाईच्या शेजारी बसवलं. मी आडवी चालत जवळ जायला निघाले तर काशीबाईनं दंडाला धरून मला मागे ओढलं. मी दारातून गेले.

मागच्या आठवड्यात दाखला देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. बांधांवरच्या झाडांचा दाखला ठेवता येईल, पण गावठाण वगळावं लागेल. मात्र अजून एक वाट होती. बायांनी लेखी दिलं की गौराबाईंचं एक दफन सोडून त्या जागेत दुसरं काही नाही, तर अंगणापुरतं कुंपण घालून बाकीचं गावठाण चालेल. गावठाणातच खरं बी होतं. बांधावर काय निघणार... मी नव्या गावात गेले, समाजमंदिरात सगळ्या जमल्या. पत्र आणि दुरुस्तीसाठी सोबत आलेला आमचा जुना अर्ज वाचून दाखवला. एका सहीचं काम होतं, आणि दुष्काळ दाराशी होता.

मग भिंतीला टेकलेली एक म्हातारी म्हणाली, माझी दोन लेकरं घावलीच न्हाईत, ती मधल्या खोलीत हायेत, लिवा. तिच्यामागून दुसरी बोलली. सासरा, ओसरीवर. नणंद, चुलीपाशी. ज्यांचं काहीच हाती लागलं नव्हतं त्यांची नावं येत गेली, प्रत्येकाची खोली सांगून, आणि मी लिहीत गेले. कुणी रडलं नाही. शेवटी काशीबाईनं अप्पांचं नाव घातलं. अंगठा उठवण्याआधी तिनं मला विचारलं की हे सगळे कुठल्या रकान्यात घेतले. पुरलेल्यांच्या, मी म्हणाले.

"तितं नगा घेऊ," ती म्हणाली. "वरल्या रकान्यात घ्या. सध्या कोन ऱ्हातंय, त्या."

शून्य लिहिलेल्या त्या रकान्यात मी ती सगळी नावं लिहिली. बायांनी एकेक करून खाली अंगठे उठवले.