पत्र्याच्या आतली बाजू

गोरखभाऊंना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी त्यांच्या अंगणात पुनमचंदशेठची फियाट उभी होती. चारी दारं उतरवलेली, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, काचा गोधडीत गुंडाळून घरात कॉटखाली सरकवलेल्या. सकाळी दात घासता घासता भाऊ ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. जीव वाचला, पण उजवा हात-पाय गेला आणि जीभ जड झाली.

आमची पिठाची गिरणी त्यांच्या भिंतीला लागून. गिरणी चालू असली तरी भाऊंची हातोडी ऐकू यायची. कळंबला हायवेच्या कडेला त्यांचं डेंटिंगचं शेड होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेलं, मग ते काम घरीच करू लागले. ठोकलेला, चेपलेला पत्रा हातोडीनं मूळ जागी आणायचा, हे त्यांचं काम. बाकीचे खड्डा दिसला की त्यात पुट्टी भरून वरून रंग मारतात. भाऊ पुट्टी नखाएवढीच लावायचे, आणि त्याचीही लाज वाटते म्हणायचे.

या कामाला एक माणूस मागं लागतो. बाहेरून हातोडी बसते तेव्हा आतल्या बाजूनं डॉली, म्हणजे मुठीत मावणारा जड लोखंडी ठोकळा, पत्र्याला दाबून धरायचा. लग्न होऊन आल्यापासून ती डॉली धरत होत्या भाऊंच्या बायको, कुशाबाई. मोठं दार असो, टप असो, गाडीच्या आत वाकून, पाय मुडपून, तीस वर्षं. गिऱ्हाईक यायचं, भाऊंशी बोलायचं, काम बघून भाऊंचं कौतुक करून जायचं. आत कुणी बसलंय हे कुणाच्या ध्यानातही नसायचं.

भाऊ खाटेला लागल्यावर दीड वर्ष ती फियाट तशीच राहिली. ती मंचरच्या पुनमचंदशेठची. त्यांचा खत-बियाण्यांचा व्यापार. शेठ वारल्यावर गाडी गोदामात गेली आणि तिच्या टपावर पोत्यांची थप्पी लागली. टप मधोमध बसला, तळ गंजून चाळण झाला. शेठच्या नातवाला, पीयूषला, उशिरा जाग आली तेव्हा त्यानं ती भाऊंकडे आणून टाकली होती.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी पीयूष क्रेन घेऊन आला. पोरगा चांगला. आधी भाऊंच्या उशाशी बसला, तब्येत विचारली. मग बाहेर येऊन म्हणाला, "काकी, गाडी घेऊन जातो. पुण्यात एक मोठं वर्कशॉप आहे. आजीचं वर्षीतप चालू आहे, एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. अक्षय्य तृतीयेला पारणं. मला तिला आजोबांच्या गाडीतून न्यायचंय."

कुशाबाई भांडी घासत होत्या. हात तसेच राखेचे. म्हणाल्या, "कामाला घेतल्याली गाडी आमी अर्धी देत न्हाई."

"अहो काकी, पण करणार कोण?"

"मी."

क्रेनवाला हसला. पीयूष हसला नाही, पण त्याच्या तोंडावर जे आलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. कीव. "काकी, हे बायकांचं काम नाही हो. मी तुम्हाला दोष देत नाही, भाऊंची अडचण मला कळते."

"आडचन ह्यांची हाय. माजे दोन्ही हात हायेत." त्यांनी हात पदराला पुसले आणि जाऊन क्रेनच्या हुकासमोर, गाडीच्या बंपरवर बसल्या. "आखाजीला गाडी तुमच्या दारात आली न्हाई, तर मी सोता मंचरला यीन आन् बाजारात सांगीन का माजं चुकलं. तंवर हिला हात लावायचा न्हाई."

आळीतली माणसं जमली होती. पीयूषनं इकडंतिकडं पाहिलं, क्रेनवाल्याला रिकामं परत पाठवलं. जाताना मला म्हणाला, "तुम्ही तरी समजवा त्यांना."

मी समजावायला गेलो नाही असं नाही. त्यांची लेक वृषाली शिनोलीला दिलेली, तीही धावत आली. "आई, भाऊंना घेऊन आमच्याकडं चल. लोक काय म्हणत्याल?" कुशाबाईंनी तिला चहा दिला, भाकरी बांधून दिली आणि एस्टीत बसवून दिलं. रस्त्यापलीकडचा हौशीराम इंजिनाचा मिस्त्री. तो तोंडावरच म्हणाला, "वयनी, तुमी पत्रा उभा करा, इंजिन मी फुकाट बांधून देतो." त्याला वाटलं, तो दिवस काही यायचा नाही.

सगळ्यात जास्त विरोध खाटेवरून झाला. हातोडीचा पहिला आवाज निघाला आणि भाऊ ओरडले. शब्द नीट निघत नव्हते, तरी आम्हा सगळ्यांना कळले. "बंद कर! ईक भंगारात!"

कुशाबाई दारात आल्या. "तुमाला आवाज सोसत न्हाई का मी करते ते सोसत न्हाई?"

भाऊंनी तोंड भिंतीकडं केलं. डाव्या हातानं आतून डॉली, उजव्यानं बाहेरून हातोडी, असं कुशाबाईंचं एकटीचं काम चालू राहिलं.

ठोकणं त्यांच्या हाताला ठाऊक होतं, पण गॅसचं वेल्डिंग त्यांनी कधी केलेलं नव्हतं. तळ तर कापून नवाच टाकायचा होता. त्यांनी घरातली जुनी धान्याची कोठी फोडली आणि तिच्या पत्र्यावर शिकायला सुरुवात केली. पातळ पत्र्याला ज्योत जरा जास्त लागली की भोक पडतं, नाहीतर पापडासारखा वाकतो. कोठीचा निम्मा पत्रा त्यांनी असाच जाळला. डाव्या मनगटावर एवढा मोठा फोड आला. मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टरला दाखवा." म्हणाल्या, "भाकरी भाजताना कमी पोळले का मी? तवा कुनी डाक्टर काडला न्हाई." मग त्यांना युक्ती सापडली. टिपका टिपका जोडायचा, लगेच ओलं फडकं ठेवायचं, पत्रा गार होऊ द्यायचा, मग दुसरा टिपका. पौषात तळ बसला. त्यावर त्या उभ्या राहिल्या आणि जोरजोरात नाचल्यासारखे पाय आपटले. काही हललं नाही.

मग टप आला. खरी लढाई टपाची.

पोत्यांनी तो परातीसारखा बसवला होता. एवढा मोठा पत्रा एका ठिकाणी उचलला की दुसरीकडं फुगतो. कुशाबाई आत बसून बोटांनी तो चाचपडत होत्या, डोळे मिटून. घराचं दार उघडं होतं, खाटेवरून भाऊंना दिसत होतं. इतके आठवडे गप्प बसलेला माणूस अचानक बोलला.

"मदून घे."

"न्हाई," त्या आतूनच म्हणाल्या. "कडंनं घेनार. मदी पत्रा ताणलाय. तितं मारलं तर अजून पसरंल."

"मदून!" भाऊंचा आवाज चढला. "तीस वर्सं... हातोडी... मी धरली!"

कुशाबाई गाडीतून बाहेर आल्या. खाटेपाशी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"धरली. आन् तुमचा परत्येक फटका कुनाच्या हातात उतरला? बाहीरून तुमाला पत्रा दिसत व्हता. आतून मला तो कळत व्हता. कुटं ताठ हाय, कुटं ढिला गेलाय, ते माज्या तळव्याला कळत व्हतं. तीस वर्सांत तुमी एकदा तरी इचारलं का?"

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. ताट तसंच परत गेलं. कुशाबाईंनी झाकून ठेवलं आणि कामाला लागल्या. कडेकडेनं, गोल फिरत, लाकडी हातोड्यानं हलके फटके. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी मी गिरणीत हॉपरमध्ये ज्वारी ओतत होतो तेव्हा शेजारून एकच आवाज आला. पिपाचं झाकण उघडतं तसा, पण मोठा. बाहेर येऊन पाहिलं तर टप वर आलेला. नुसता वर नाही, त्याला त्याची मूळची गोलाई आली होती.

कुशाबाई ओट्यावर बसून घाम पुसत होत्या. खाटेवरून भाऊ म्हणाले, "खाट... भाईर घे."

त्यांनी आणि मी मिळून खाट अंगणात आणली. त्यानंतर भाऊ रोज तिथंच. डोळे मिटून ऐकायचे. कधी म्हणायचे, "जोरात झाला." त्या कधी मान्य करायच्या, कधी नाही. दोघांचं भांडण चालूच असायचं, पण ते आता दोन कारागिरांचं होतं.

फाल्गुनात चारी दारं चढली. स्टेपनीच्या झाकणाखाली मूळ रंगाचा एक ठिपका सापडला होता, दुधी निळा. मंचरच्या दुकानातून तोच जुळवून आणला. पहाटे रस्त्यावर धूळ नसते, तेव्हा प्राइमर आणि रंग मारला. हौशीराम रोज रस्त्यापलीकडून बघत होता. एका सकाळी पाने-पकड घेऊन स्वतःच आला, बॉनेट उघडून म्हणाला, "बोललो ते बोललो." पंधरा दिवस खपला आणि इंजिन बोलतं केलं.

चैत्रात पीयूष बघायला आला. बरोबर पुण्याचा एक जाणकार, जुन्या गाड्या पारखणारा. गाडी बघून पीयूष मिनिटभर हललाच नाही. पण जाणकारानं खिशातून एक चुंबक काढलं, मऊ कापडात गुंडाळलेलं. पुट्टी जाड असेल तिथं चुंबक चिकटत नाही. तो मडगार्डावर, दारांवर, खिडक्यांच्या खाली, सगळीकडं ते लावत गेला. टपावर सर्वांत जास्त वेळ फिरवला. चुंबक सगळीकडं टक्कन बसत होतं.

"पुट्टी नाहीच," तो म्हणाला. "असं काम हल्ली कोण करतं? मिस्त्री कुठले?"

"गोरखभाऊ," पीयूषनं खाटेकडं हात केला. "आजारी असूनही करून घेतलं त्यांनी."

कुशाबाई पाण्याचे तांबे घेऊन आल्या होत्या. तांबे त्यांनी खाली ठेवले. "करून घेतलं न्हाई. मी केलं."

जाणकार ओशाळल्यासारखा हसला. "म्हणजे, हाताखाली तुम्ही—"

"हाताखाली न्हाई."

आणि तेव्हा भाऊ बोलले. एकेक शब्द ओढून काढत. "मी... न्हाई. टप... तिनं. मी सांगितलं... ते चुकीचं... व्हतं."

जाणकाराला बहुधा अजून खरं वाटत नव्हतं. कोपऱ्यात एक चेपलेला जुना डबा पडला होता, तो त्यानं उचलला. "मग ताई, एवढा करून दाखवता का?"

कुशाबाईंनी डबा त्याच्या हातातून घेतला आणि होता तिथं परत ठेवला. "परीक्षा गाडीची व्हती, ती तुमी घेतली. माजी कशापायी? हितं आजवर कितीक गाड्या झाल्या, ह्यांना कुनी म्हनलं का, आदी डबा करून दाखवा?"

तो माणूस लालबुंद झाला. पण मोकळ्या मनाचा निघाला. हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माझं."

अक्षय्य तृतीयेला फियाट मंचरला गेली. हौशीरामनं चालवली. कुशाबाईंना न्यायचं पीयूषच्या मनात नव्हतं असं नाही, त्याला फक्त सुचलं नव्हतं. त्या स्वतःच नवं लुगडं नेसून पुढच्या लांब बैठकीवर जाऊन बसल्या. दुकानासमोर माणसांची दाटी. उगमबाई, पीयूषची आजी, वाळून काटकी झालेली, दोन सुनांच्या आधारानं बाहेर आली. गाडीजवळ थांबली. हात लावला नाही, नुसती पाहत राहिली. मग उतरू लागलेल्या कुशाबाईंना म्हणाली, "तू केलीस?"

"व्हय."

"मग उतरतेस कशाला? बस. मी तुझ्याजवळ बसते."

पीयूष काही बोलणार होता, बहुधा घरच्या माणसांची जागा ठरलेली होती. आजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मिरवणूक मंदिरापर्यंत गेली ती अशी. पुढं हौशीराम, त्याच्या शेजारी उगमबाई आणि कुशाबाई. घरचे सगळे मागून चालत. पारण्याला उसाचा रस असतो. आजीला आधी सगळ्यांनी पाजला, मग तिनं एक भांडं कुशाबाईंच्या हातात दिलं.

याला आता काही महिने झाले. सगळं गोडगोड झालं असं सांगणार नाही. नारायणगावापर्यंत नाव झालं, तसे परत जाणारेही होते. बाई दिसली की "भाऊ बरे झाले की येतो" म्हणून गाडी वळवायचे. कुशाबाईंनी एकालाही हाक मारली नाही. वृषालीचे सासरे अजून म्हणतात, भाऊच सगळं सांगतात आणि ही फक्त हात चालवते. भिंतीवर पाटी लागली तेव्हा त्यांनी दोन दिवस निरोप पाठवले की भाऊंचंच नाव लिहा. पाटीवर आहे ते असं: कुशाबाई, डेंटिंग. खाली छोट्या अक्षरात, पुट्टी मागू नये.

परवा पिंपरी पेंढारचा एक शेतकरी पिकअप घेऊन आला. बिबट्या आडवा आला म्हणून गाडी झाडावर घातलेली, पुढचं तोंड पार आत. खाली उतरून अंगणात डोकावला. "मिस्त्री हायेत का?"

भाऊ खाटेवर बशीतून चहा पीत होते. कुशाबाईंनी गॅसची ज्योत बंद केली, चष्मा कपाळावर सरकवला.

"हाय. बोला पावणं."

"न्हाई, म्हंजे... मिस्त्री."

"मीच. दाखवायची आसंल तर दाखवा. न्हाईतर चा प्या आन् सावकास जा, घाई न्हाई."

तो माणूस त्यांच्याकडं बघत राहिला, मग भाऊंकडं. भाऊंनी बशी तोंडाला लावली. शेवटी त्यानं पिकअपचं बॉनेट वर ओढायला सुरुवात केली. ते अडकलं होतं. कुशाबाई पहार घेऊन पुढं झाल्या.