काळ्या मातीची गणगौर

भगवतीदेवी लग्न होऊन भोकरदनला आल्या, तेव्हा मराठीतला एक शब्द त्यांना येत नव्हता. माहेर नागौरकडचं, रेतीतलं. नवऱ्याचं, रामनिवासजींचं, किराणा दुकान बाजारात. घर मात्र गावाच्या टोकाला. आसपास दुसरं मारवाडी घर नव्हतं.

नव्या नवरीनं पहिली गणगौर माहेरी पुजायची. पण सासरे अंथरुणाला खिळलेले, जाणं राहिलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्या चुलीपाशी रडत बसल्या होत्या, तेवढ्यात दूध घालायला आशाबाई आल्या. आशाबाई धनगराच्या, घरी म्हशी, थोड्या मेंढ्या, केळना नदीच्या काठी जमिनीचा तुकडा.

"काय झालं ओ भाभी?"

भगवतीदेवींनी हिंदीत, हातवारे करत सांगितलं. गौर आणि ईसर, म्हणजे शंकर, मातीचे करायचे, रोज पुजायचे, बायकांनी जमून गाणी म्हणायची. इथं ती माती नाही, बायकाही नाहीत.

"माती न्हाई?" आशाबाई हसल्या. "मंग आम्ही काय दगडात पेरून राह्यलो?"

संध्याकाळी त्या ओटीत रानातली माती घेऊन आल्या. कोळशासारखी काळी! भगवतीदेवी बिचकल्या. मूर्ती वाळताना तडकलीच. आशाबाईंनी माती पुन्हा भिजवली, मेंढीची लोकर बारीक कातरून तिच्यात मळली. मग गौर टिकली.

"आमच्या महालक्ष्म्या भादव्यात माहेराला येत्यात, तुमची चैतात," आशाबाई म्हणाल्या. "देवीला बी दोनदा माहेर पाहिजेच की."

गौर पाण्यात बोळवायच्या दिवशी नदी कोरडी होती, म्हणून आशाबाईंच्या विहिरीवर जायचं ठरलं. वस्तीतल्या बायका आल्या. भगवतीदेवींनी माहेरचं गाणं धरलं, पण मध्येच पदर डोळ्यांना लावला. मग आशाबाईंनी सूर लावला,

"गौर निघाली सासरी, मागं वळून पाह्यती
माझ्या रानाच्या बांधाला, तिची सावली राह्यती."

भगवतीदेवींना त्यातलं 'सासरी' तेवढं कळलं. तेवढं पुरलं.

पुढं भादव्यात त्या आशाबाईंकडं पाट्यावर पुरण वाटायला जाऊ लागल्या, आणि चैतात वस्तीवरच्या बायका मेंदी काढून घ्यायला भगवतीदेवींच्या ओट्यावर. किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत.

यंदा संक्रांतीच्या आधी नागौरहून भगवतीदेवींचे थोरले भाऊ आले, पहिल्यांदाच. आशाबाईंची सून मोनिका दोघा बहीणभावांना शेतावर घेऊन गेली. आगटीत भाजलेली कणसं तिनं हातावर चोळली आणि गरम हुरडा भावापुढं ठेवला. भावानं दाणे निरखले, "ही ज्वार? कच्चीच?"

"अशीच खायची," भगवतीदेवी म्हणाल्या आणि सुरूच झाल्या. कोवळं कणीस कसं ओळखायचं, लसणाची चटणी का लागतेच, थंडी कमी पडली तर दाण्यात गोडी कशी भरत नाही. "आमच्याकडं हे दिवस चुकवायचे नसतात, भाईसा."

'आमच्याकडं' हा शब्द भावानं ऐकला. त्यांनी बहिणीकडं एकवार पाहिलं. ती मोनिकाला आगटी विझू देऊ नको म्हणून सांगत होती. भाऊ मांडी सैल करून नीट बसले आणि मोनिकापुढं हात केला, "थोडा और दे, बेटा."