भाचीची मुलाखत

माझ्या भाचीएवढी विक्षिप्त बाई अख्ख्या जामखेड तालुक्यात सापडायची नाही. आईबाप गेल्यावर माझ्याच घरी वाढली, शिकून डॉक्टर झाली, पण संशोधनातली, तिला सुई टोचता येत नाही! लग्नात कुणी तंबाखू मळताना दिसला की ही भरल्या ताटावरून उठते, मोबाईलची बॅटरी लावते आणि म्हणते, "काका, आ करा." एकदा नवरदेवाच्या चुलत्याला आ करायला लावलं. त्यानंही मुकाट्यानं केलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं कॅन्सरच्या पेशी पाळल्यात. आपण म्हशीला वैरण टाकतो तसं त्यांना वेळेवर खायला लागतं, म्हणून माझ्या पोराच्या हळदीतून उठून गेली. एवढं काय बघते विचारलं तर म्हणाली, "मामा, जनुकात हुकूम असतो. आरएनए म्हंजी तो पोचवनारा कोतवाल. कॅन्सरमदी ह्यो कोतवाल भलतंच सांगत सुटतो. का, ते मला हुडकायचंय."

त्यासाठी मोठ्या संस्थेत जागा लागते, आणि डॉक्टर झालं तरी ती दोनच वर्षांची मिळते. सगळीकडून नकार आल्यावर बंगळूरची मुलाखत आली, तीही कॉम्प्युटरवर, माझ्या घरातून. आता आमच्यात पोरगी बघायला माणसं आली की वडीलधाऱ्यानं पुढं बसून बोलणी करायची. मला वाटलं, हेही तसंच. फेटा बांधला, पोह्यांची बशी कॉम्प्युटरपुढं ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. ती डोळ्यांनी खुणावत होती, पण मी उठतोय कुठला!

"पोरगी लई गुनाची हाय," मी पडद्यावरच्या साहेबांना म्हणालो. "पन दोनच वर्सं का? नेताय तर कायमची न्या. काम उरकलं की माघारी धाडनार, ही कुठली रीत?"

तिकडच्यात एक मराठी बाई होती. ती हसू दाबत खाली बघायला लागली. भाचीचं तोंड लालभडक. साहेबांनी थोडक्यात आवरतं घेतलं.

भाची मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी पारावर गेलो नाही. एवढ्या वर्षांची पोरीची मेहनत मी पोह्यांच्या बशीपायी घालवली, असं वाटत राहिलं.

काल तिला फोन आला. ओट्यावर येऊन म्हणाली, "मामा, घेतलं मला."

शाबास म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "अन् दोन वर्सांनी?"

"परत मुलाखत."

"तवा मी रानात जाऊन बसतो."

"रानात कशाला? शेजारीच बसा की," ती म्हणाली. "फकस्त बोलू नका."

हसत हसत ती बॅग भरायला आत गेली. माझी मान काही वर होईना.