भिंतीला हात लावू नका

निरोप आणला तो वडवणीच्या गाडीच्या कंडक्टरनं. अंबाजोगाईच्या स्टँडवर मी पेपर घेत होतो, तर खिडकीतून ओरडला, "काचवाले, तुमचे अप्पा गेले की हो! काल सकाळी, पंप धुताधुता." पुढं काही विचारीपर्यंत गाडी हललीसुद्धा. मी तसाच घरी आलो. खरं सांगतो, रडू आलं नाही, नुसता थकवा आला. आम्ही दोघं उभी नोकरी एकाच शत्रूच्या मागं धावलो. शत्रू ठणठणीत आहे, आणि अप्पा...

काशिनाथअप्पा हिवतापाच्या फवारणीवर होते आणि मी दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासायचो, म्हणून सगळ्यांचा काचवाला. भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतात बे तुझ्या काचा?" रक्त प्यायलेला डास भिंतीवर विसावतो आणि भिंतीवरच्या पावडरीनं मरतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची सारी नोकरी उभी. फवारा मारून झाला की चौकटीशेजारी गेरूनं तारीख लिहायची, शाळामास्तरासारख्या वळणदार अक्षरात, आणि घरच्या बाईला बजावायचं, "अडीच महिने भिंतीला हात लावू नका." बाया मान डोलवायच्या. मग नवरात्र यायचं. फवारणीची फेरी वरून ठरून यायची, ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. पावडर वाळते न वाळते तोच घरोघर पांढऱ्या मातीचा पोतारा! पावडर आत, माती वर, आणि डास पांढऱ्याशुभ्र भिंतीवर मजेत. फेरी अडीच महिने आधी घ्या, म्हणून अप्पांनी साहेबाला किती अर्ज दिले असतील देव जाणे. उत्तर एकालाही आलं नाही.

एका दिवाळीत माझ्या हातात गिरजावहिनींची काच आली. गिरजावहिनी म्हणजे अप्पांच्या मंडळी. काचेत जंतूंची नुसती जत्रा. तीन दिवस त्या बरळत होत्या आणि अप्पा दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेले. "आख्खा तालुका फवारला बे मी," म्हणाले, "अन् माझ्याच घरात पोतारा फिरला. कुणाला तोंड दाखवू?" वहिनी वाचल्या. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पोतारा! मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "सणाला डागाळलेली भित ठेवू का, भाऊ? देवी काय म्हणंल?" अप्पा माझ्याकडं बघून हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. गावानं त्यांचं ऐकलं नसतं तरी चाललं असतं, एकदा तरी घरानं ऐकायला हवं होतं.

पुढं दिवस पालटले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीडीचे पिवळे डबे आले, रंगीत टीव्ही आले, डास पळवायचं प्लगात खुपसायचं यंत्रसुद्धा आलं. आमच्या बंद जीपला टायर तेवढं आलं नाही. माझ्या निवृत्तीच्या वर्षी, त्यांची नोकरी अजून उरली होती, अप्पांनी मला एका गावात नेलं आणि कालच फवारलेली भिंत दाखवली. तिच्यावर डास बसला होता. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. बराच वेळ बसला बिचारा, मग उडून गेला. आजूबाजूला आणखी चार तसेच. "पावडर पचवायला शिकली बे ही जात," अप्पा हळूच म्हणाले. आयुष्य गेलं आणि हाती काय, तर हे. उठताना त्यांनी माझा दंड धरला. "गिरजाला सांगू नको. न्हाईतर ती म्हणंल, मग येवढी वर्सं माझ्याशी कामून भांडलात?"

दसरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. जायला उशीर झाला होता, पाय उचलत नव्हता हे खरं कारण. दिवसकार्य झाल्यावर घर सारवलेलं, सणाला पोतारा दिलेला, सगळं लख्ख. फक्त अप्पांची खाट होती त्या बाजूची भिंत तशीच, पावडरीच्या ओघळांनी डागाळलेली, आणि चौकटीपाशी गेरूची तारीख. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आधी स्वतःचं घर फवारलं होतं.

वहिनींनी चहा ठेवला. माझी नजर कुठं आहे ते बघून म्हणाल्या, "जावा लई बोलल्या, दुखवट्याच्या घरात अशी भित ठेवती म्हणून. बोलू द्या. अडीच महिने व्हायचेत अजून. जल्मभर न्हाई ऐकलं त्यांचं, येवढ्या बारीला ऐकते."

गेरूच्या तारखेच्या जरा वर एक डास बसला होता. जिवंत, आरामात.

"मरत्यात न्हवं हो भाऊ, ह्या पावडरीनं?" वहिनींनी विचारलं.

"मरतात वहिनी," मी म्हणालो, "हात तेवढा लावू नका."