शालिकरामले राजा व्हायचं होतं

माहा मोठा भाऊ शालिकराम रंगानं काळा होता. काळा म्हंजे पक्का काळा, मी काहून लपवू? पन गळा असा, का राजेगावच्या मंडईत, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्यानं तान घेतली का लोकं तोंडातलं पान चघळनं विसरत. दंडार म्हंजे आमचं गावचं नाटक, त्यातल्या राजाचे सगळे पदं त्याले पाठ. पन राजा कोन? तर प्रेमलाल! गोरागोमटा, डोक्यात भुसा. तो समोर नुसतं तोंड हालवे अन् शालिकदादा पडद्यामागून गाये. दादा समोर येये तो राक्षस होऊन. दरसाली! "काळा राजा कोनं पाह्यला?" म्हनत मेले, अन् दात काढत.

माही माय गोदाबाई म्हने, "एक डाव माह्या पोराचं तोंड लोकायले दिसू दे, मंग मी मरायले मोकळी."

अडुसष्ट साली मुंबईचे सिनेमावाले बैहरच्या जंगलात सुटिंगले आले. त्यायनं दादाचं गानं ऐकलं. साहेब खूश! "सरदार का गाना तुम गाओगे." सरदार म्हंजे सिनेमातल्या जंगली टोळीचा राजा. दादाले वाटलं, तो आपनच.

सुटिंगच्या दिवशी त्यानं आमच्या रीतीनं तोंडाले मुरदाडशिंग फासलं. तो पिवळटपांढरा लेप लावल्याबिगर दंडारीत राजा उभाच राहात नाई. साहेब भडकला. "ये क्या पोत लिया? धो डालो!" धुतलं. मंग त्या काळ्या अंगावर आनखी काजळी फासली. म्हने, जंगली पुरता दिसत नाई! अन् सरदार? तो मुंबईहून आनला होता, गोरा फटक. त्यालेही काजळी. दादानं आडून गायचं, त्यानं तोंड हालवायचं. मंग दादाच्या हाती भाला देला, "हुर्र हुर्र करो." अवं, बैहरकडचे गोंड-बैगा आमच्या बाजारात येतेत, कोन करते हुर्र हुर्र? त्यायच्यातला एक मानूस सरदार म्हनून चालला नाई का? आग लागो त्या सिनेमाले!

हे दादानं मले एकलीले सांगतलं. मायले एवढंच बोलला, "हौ माय, मी हावो सिनेमात."

सिनेमा गोंदियाच्या टाकीजमंदी लागला तवा आम्ही बसनं गेलो. मायनं ठेवनीतलं लुगडं नेसलं. ती मधात, एका बाजूले मी, एका बाजूले दादा. सरदाराचं गानं आलं, पन आवाज मुंबईच्याच कोन्या गवयाचा.

मंग भाले घेऊन टोळी आली. एक काळा हिरोइनीवर धावून गेला. हिरोनं बंदूक झाडली, तो चिखलात उलटा पडला. मी वळखलं. सारं टाकीज टाळ्या वाजवून राह्यलं होतं. मायनंही वाजवल्या.

"बरं झालं, मेला मुडदा!"

मी मायचा हात धराले गेली, तर दादानं मले डोळ्यानंच नाई म्हनलं.

माय त्याच्याकडं वळली. "शालिक, तू कवा येशीन रे?"

"येतो माय," तो म्हने. "पाहत राह्य."

अन् माय शेवटपर्यंत पाहत राह्यली.