मुठीतली भाकर

जळगावातल्या आमच्या चर्चमधला शेवटचा बाक माझा आहे. कुणी दिला नाही, मीच घेतला. डाळ मिलमध्ये फिटर होतो तेव्हापासून तिथं बसतो. बाजूला दरवाजा आणि समोर सगळ्यांच्या पाठी. कोण उशिरा आला, कोण प्रवचनात डुलकी काढतो, कोण मिस्सा संपायच्या आत चप्पल शोधतो, सगळं दिसतं. बायको म्हणते, "तुम्ही देवासमोर बसता की पोलीस चौकीत?" मी म्हणतो, कुणीतरी बघायला नको का?

बाहेरच्या वाचकांना एक सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिस्सेत, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेत, फादर भाकर पवित्र करतात. पातळ, पांढरी चकती असते. पण एकदा पवित्र झाली की आमच्यासाठी ती भाकर राहत नाही, तो ख्रिस्त स्वतः असतो. रांगेनं पुढं जायचं. फादर म्हणतात, "ख्रिस्ताचं शरीर." आपण म्हणायचं, "आमेन." आणि तिथंच, वेदीसमोर, तोंडात घ्यायची. ती खिशात घालून नेणं म्हणजे काय, हे मी लिहिणारही नाही. लिहायलाही मला भीती वाटते.

तर त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात नवीन फादर आले. तरुण, स्कूटरवर फिरणारे, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारे. पहिल्याच प्रवचनात म्हणाले, श्रद्धा लग्नातल्या शालूसारखी कपाटात घडी करून ठेवू नका, रोज नेसा. ईस्टरपर्यंत प्रत्येकानं स्वतःला विचारा, माझ्या श्रद्धेचा कुणाला काय उपयोग झाला? मला हे बोलणं आवडलं नाही. माझी श्रद्धा काही कुठं उसवली नव्हती. सकाळ-संध्याकाळ रोझरी, शुक्रवारी मटण बंद, रविवार चुकवला नाही. आता हा कालचा पोरगा माझ्याकडून आणखी काय काढू बघतोय, असं मनात आलं. नवीन माणूस गोड बोलला की मी आधी पाकीट चाचपतो. सवय आहे.

त्याच रविवारी ती बाई दिसली.

चाळिशीची असेल. डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, गावाकडची. रांगेत आली, हात पुढं केला, "आमेन" म्हणाली, आणि मूठ मिटली. तोंडाकडं हात गेलाच नाही. पदराखालून रुमाल निघाला, आणि ती माझ्या बाजूच्या दारानं बाहेर. मी उठेपर्यंत रिक्षा गेली.

घरी बायकोला सांगितलं.

"अहो, तुम्हाला नीट दिसलं नसेल. मोतीबिंदू काढून घ्या म्हणते तर ऐकत नाही."

"मूठ दिसायला मोतीबिंदू आड येत नाही."

"मग फादरांना सांगा."

"फादरांनीच तर दिली तिच्या हातावर! त्यांना काय सांगू?"

मला झोप येईना. काय करत असेल ती त्या भाकरीचं? कुणी मांत्रिकानं मागवली असेल? एखाद्याच्या उंबऱ्याखाली पुरायला? आमची चेष्टा करायला कुणी पाठवली असेल? दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कोण कुठून काय करेल आणि वर मोबाइलवर फिरवेल, भरवसा नाही.

पुढच्या रविवारी लुना दाराशी लावून ठेवली. तिनं पुन्हा तेच केलं. तिला तिथंच धरायला हात शिवशिवले, पण झटापटीत भाकर खाली पडली तर? म्हणून गप्प बसलो आणि रिक्षामागं लुना सोडली. मेहरूणच्या तलावाकडं, आतल्या गल्लीत एक पत्र्याची खोली. मी पोहोचलो तर ती हातपाय धुऊन, दिवा लावून, रुमालात गुंडाळलेली स्टीलची छोटी डबी उघडत होती. खाटेवर एक माणूस पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर मेल्यासारखा.

मी दारातूनच ओरडलो, "काय चाललंय हे?"

ती दचकली नाही. "कोन शे? या आबा, बठा."

"बसायला नाही आलो. डबीत काय आहे?"

"त्यासनं शे." तिनं खाटेकडं बोट केलं. "त्यासले चालता येत नही. म्हनीसन मी लयी येस." घेऊन येते म्हणे!

"बाप्तिस्मा झालाय तुझा?"

"ते काय ऱ्हास?"

मी कपाळावर हात मारला. ही आमच्यातली नव्हतीच!

"मी खात नही आबा," ती म्हणाली. "एकदाबी जिभले लावं नही. तो त्यासना वाटा शे."

आपल्याकडं कुणीही कुठल्याही देवाला गेलं, तर घरात जो आजारी असतो त्याच्यासाठी थोडं बांधून आणतं. चार माणसांत तोंडात टाकणं आणि घरच्या आजाऱ्याला विसरणं, ह्यालाच लोक नावं ठेवतात. तिनं तेच केलं होतं. रांगेत बाकीचे हात कसा धरतात, काय बोलतात, ते बघून शिकली. हे मला समजलं. पटलं नाही. पकडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सरळ कारण सांगतो.

मी खाटेवरच्या माणसाकडं वळलो. "आणि तू? तूही कॅथोलिक नाहीस?"

अर्ध्या तोंडानं तो म्हणाला, "आहे. धुळ्याचा. लहानपणी... वेदीवर घंटी... वाजवायचो."

"मग हे चालत नाही, माहीत होतं तुला?"

"होतं."

"मग फादरांना बोलवायचं सोडून बायकोला चोरी करायला पाठवतोस?"

"फादर आले की... पहिलं लग्नाचं विचारणार." त्यानं डोळे मिटले. "आमचं... कोर्टात झालंय, चर्चमध्ये नाही. मग नाहीच देणार. आणि मला... तेवढंच पाहिजे."

आता पंचाईत झाली ती डबीची. मी तिला म्हटलं, झाकण लाव आणि दिव्यापाशी ठेव. मग बाहेर जाऊन फादरांना फोन लावला. मनात म्हटलं, बघू आता हा हसरा माणूस काय करतो. हसून सोडून देतो का आरडाओरडा करतो?

फादर आले. दोन्हींतलं काहीच केलं नाही. सगळं ऐकून घेतलं, डबीसमोर गुडघा टेकला, आणि ती भाकर स्वतःच्या तोंडात घेतली. खाटेवरचा माणूस त्यांच्या तोंडाकडं बघत होता. तसं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. ताट पुढ्यातून उचललेल्या माणसासारखं.

"मंग त्यासनं काय?" बाई म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "मी लयी येवू तं चोरी. तुमी देतस नही. तो काय तसाच मरी?"

फादर खाली बसले, तिच्यासमोर, जमिनीवर. सांगितलं की असं पुन्हा आणायचं नाही. पण तुमचं लग्न चर्चच्या रीतीनं लावता येईल. तू तुझा धर्म सोडायची गरज नाही, बिशपांची परवानगी लागते. तेवढं झालं, यानं पापनिवेदन केलं, की मी स्वतः घेऊन येईन. फक्त एक अडचण आहे. दोघांचंही याआधी कुठं लग्न झालेलं नाही, असं शपथेवर सांगणारं कुणीतरी पाहिजे. हे दोघं इथं नवीन, फक्त दवाखान्यासाठी आलेले. ओळखीचं कोण?

मग माझ्याकडं बघायला लागले.

"मी ओळखत नाही यांना," मी म्हटलं.

"मग ओळख करून घ्या, आबा. तुमच्याइतका कसून तपास जळगावात दुसरं कोण करील?"

टोमणा होता. मला कळला. पण काम माझ्याच हातचं होतं हेही खरं. मी खोटी शपथ घेणारा माणूस नाही, आणि ही बाई दोंडाईच्याची, तिथं एखादा नवरा सोडून आली नसेल कशावरून?

सुरतेकडं जाणारी पॅसेंजर धरली आणि दोंडाईच्याला उतरलो. तिचा भाऊ मिरचीच्या बाजारात हमाली करतो, एवढं तिनं सांगितलं होतं. तिथं नुसता ठसकाच ठसका. शिंकत शिंकत त्याला गाठला. बहिणीचं नाव काढताच त्यानं खांद्यावरचं पोतं धाडकन खाली टाकलं.

"तिना बद्दल माले इचारू नका, आबा. आमनासाठी ती मरी गयी."

"तिचं आधी लग्न झालं होतं का, एवढंच सांग."

"लगीन ठरेल व्हतं! मांडव पडेल व्हता. आनि ती त्या टरकवालासंगे पळी गयी. आमनं नाक कापं तिनी!"

टरकवाला म्हणजे खाटेवरचा तो. "म्हणजे मांडवात उभी राहिली नाही? नक्की?"

"नही ना! कितींदाव सांगू?"

त्याच्या कापलेल्या नाकाचा मला एवढा आनंद झाला की त्याच्यासमोर तोंड वळवावं लागलं. पोतं पुन्हा उचलताना त्यानं हळूच विचारलं, "बरी शे का?" मी म्हटलं, "आहे." तो पोतं घेऊन चालू लागला.

येताना एसटीनं धुळ्याला उतरलो आणि त्या माणसाच्या जुन्या गल्लीत शिरलो. कोपऱ्यावरच्या किराणावालीनं सांगितलं, "दारू प्यायचा, भांडायचा, सगळं करायचा. बायको मात्र तीच एक." शेजारी आणखी दोघांना विचारलं. तेच बोलले. तरी फादरांना सांगितलं, मी विचारलं तेवढंच मला माहीत, मनातलं देव जाणे. ते म्हणाले, तेवढं पुरे.

परवानगी ईस्टरच्या आधी आली. त्या खोलीत लग्न लागलं, तो खाटेवर आणि ती खाटेला टेकून. साक्षीदार मी आणि माझी बायको. बायकोनं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, मला न सांगता. आधी आम्ही सगळे बाहेर थांबलो आणि त्यानं आत पापनिवेदन केलं. बराच वेळ लागला. बायको म्हणाली, "हसू नका." मी हसत नव्हतो. इतक्या वर्षांचं पाप अर्ध्या तोंडानं कसं सांगत असेल, याचा विचार करत होतो. आणि काही लपवलं तर?

मग फादरांनी भाकरीचा अगदी लहान तुकडा मोडला. "ख्रिस्ताचं शरीर." त्यानं "आमेन" म्हणायचा प्रयत्न केला, नुसता "आ" निघाला. फादर तुकडा ठेवणार, तेवढ्यात बाई म्हणाली, "डावीबाजूले, फादर. उजवीकडथून पडी जास." आणि चमचाभर पाणी घेऊन उभी राहिली. फादरांनी डावीकडं ठेवला. तिनं पाणी दिलं. त्याचा गळा हलला, थांबला, पुन्हा हलला.

मी वाकून बघत होतो. साक्षीदार कशाला असतो मग?

त्याला ते कळलं. माझ्याकडं बघून त्यानं तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं, आणि जीभ बाहेर काढली. मी चष्मा सावरून आत पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "मीट आता."