कातड्याचं वांगं

कौसाच्या केसांना कुणी हात लावलेला तिला चालत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून मी बघत आलो. सकाळी चुलीवर पाणी ठेवलं की ती ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसायची, केस मोकळे सोडायची, केस बांधायची काळ्या दोऱ्याची आगवळ दातात धरायची आणि दोन्ही हात डोक्यामागं न्यायची. आरसा नाही, काही नाही. बोटं आपोआप फिरायची आणि बघता बघता अंबाडा बसलेला असायचा. तेवढा वेळ तिच्याशी बोलायचं नाही. आगवळ दातात, त्यामुळं उत्तर देता यायचं नाही, आणि उत्तर देता आलं नाही की तिला राग यायचा. माझी आई एकदा मायेनं म्हणाली, "ये, मी विंचरते." कौसा म्हणाली, "आत्याबाई, शेण सांगा, धुणं सांगा, दळण सांगा. डोकं तेवढं न्हाई." आई घरात जाऊन हसत बसली.

कौसा माझी बायको. आम्ही शिरड शहापूरचे. थोडी जमीन, हळद आणि सोयाबीन. ती गेली आणि भेटायला येणारे सगळे म्हणतात, फार चांगलं माणूस होतं. चांगलं तर होतंच, पण एवढ्यावर ती कळत नाही. तोंडानं तिखट होती. कुणी खोटं गोड बोललं की म्हणायची, "गूळ ठेव घरी, खरं काय ते सांग." माझ्यावर रागावली तर अबोला धरत नसे, उलट जास्त बोलायची. गावात तिला भिणारे होते आणि तिच्याकडंच भांडण मिटवायला येणारेही होते. दोन्ही तेच लोक.

हळद शिजवायच्या दिवसांत तिला लकवा मारला. कढईपाशी उभी होती, हातातलं फावडं खाली पडलं आणि उचलताच येईना. दवाखान्यातून परत आणली तेव्हा तोंड जरा वाकडं, डावा पाय ओढत, आणि डावा हात मेल्यासारखा. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाय सुधारेल, पण हात खांद्याच्या वर गेला पाहिजे. रोज, कंटाळा येईपर्यंत. त्यासाठी दाराला कप्पी बांधून दोरी ओढायला सांगितली. कौसानं चार दिवस ओढली आणि सोडून दिली. म्हणाली, "मी काय हीर हाय का पाणी शेंदायला. नुसतं वर, खाली. त्यात गंमत काय?"

हात गेला त्याचं तिला एवढं दुःख नव्हतं. भाकरी सून थापत होती, धुणं सून धूत होती, ते तिनं चालवून घेतलं. अंबाडा मात्र अडला. एका हातानं अंबाडा होत नाही. सून सुनंदा फणी घेऊन आली तर हिनं तिला परत पाठवलं. डोक्यात जटा व्हायची वेळ आली तेव्हा मला म्हणाली, "तुमी करा. पण म्हशीला खरारा करता तसं करू नका." मला काय येतं? मला दोरी वळता येते. अंबाडीची दावी मी जन्मभर वळली. तशीच तिची वेणी वळली, घट्ट पीळ देऊन. तिनं हातानं चाचपून बघितली. "आता मला कुठं बांधता? गोठ्यात का दारात?" म्हणाली. मग पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला आणि दिवसभर काढला नाही.

त्याच सुमारास कळमनुरीहून तिची बहीण आली, नातवाचं लग्न दिवाळीनंतर धरलंय हे सांगायला. कौसा सरळ म्हणाली, "मी येणार न्हाई."

"काहून?"

"दुसऱ्याच्या हातचं डोकं घेऊन मी मांडवात बसणार न्हाई."

बहिणीनं समजूत काढली, रडली, रागावून गेली. कौसा हलली नाही. मला तेव्हा कळलं की ही बाई आता घराच्या बाहेर निघणार नाही. लग्नालाच काय, शेजारीसुद्धा जाणार नाही. पदरात तोंड घालून बसून राहील आणि तशीच जाईल.

आमचा पोरगा बालाजी पोलिसात आहे. तिथं तो बॉक्सिंग खेळतो. रजेवर आला तेव्हा एक चामडी पिशवी घेऊन आला, हवा भरलेली, वर रुंद नि खाली निमुळती. तिला स्पीड बॅग म्हणतात म्हणे. त्यानं ती लिंबाच्या फांदीला टांगली आणि दोन्ही हात तोंडापुढं धरून मारायला लागला. पण फांदीला टांगलेली पिशवी नुसती झोके खात होती. बालाजी म्हणाला, "हिला डोक्यावर जड फळी लागते, आबा. मारली की फळीवर आपटून आपोआप परत येते. इथं काही जमणार नाही."

कौसा खाटेवर बसून बघत होती. बघत होती म्हणजे त्याचे हात बघत होती. ते खाली येतच नव्हते. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे कातड्याचं वांगं इथंच ठेवून जा."

"तुला कशाला, आई?"

"मारायला. हिला मारायचं तर हात वर धराया लागतेत न्हवं?"

पोरगा हसला. मी हसलो नाही. मी तिच्याजवळ आयुष्य काढलं आहे. पोरगा ड्युटीवर गेला आणि मी फळ्या काढायला लागलो.

फळ्या मोडक्या बैलगाडीच्या होत्या, बाभळीच्या. त्या आडव्या उभ्या एकमेकींवर ठेवल्या, बोल्ट मारले आणि गोल कापल्या. पहिल्यांदा ते सगळं गोठ्याच्या पत्र्याच्या शेडला अडकवलं. कौसानं उजव्या हातानं एक ठोसा दिला आणि अख्खं शेड असं वाजलं की गाय दावं तोडून उकिरड्यावर जाऊन उभी राहिली. त्या संध्याकाळपासून दूधच देईना. बालाजीनं फोनवर सांगितलं, "फळी हलली तर सगळा जोर फळी खाते. भिंतीत बसवा." मग मी लोखंडी अँगल घेऊन वेल्डिंगवाल्या सलीमकडं गेलो. पिशवी चारी बाजूंनी फिरायला पाहिजे म्हणून बैलाच्या साखळीतली भवरकडी बरोबर नेली होती. दावं पीळ खाऊ नये म्हणून जी फिरती कडी असते ती. सलीमनं भवरकडी बघितली, अँगल बघितले. "चाचा, बैल को छत से बांधोगे क्या?"

"बैल न्हाई. तुझ्या चाचीला खेळायला पाहिजे."

त्यानं वेल्डिंग मन लावून केलं.

ओट्यावर, घराच्या दगडी भिंतीत अँगल बसवले. फळी वरखाली करता यावी म्हणून औताला असतात तशी भोकं पाडली. खाली भवरकडी, तिला साखळी, साखळीला पिशवी. माझ्या मते काम झालं होतं. कौसा उभी राहिली, उजव्या हातानं मारलं. पिशवी खळ्यावरच्या बैलासारखी गोल फिरली, कुठंही आपटली नाही, आणि मागून येऊन तिच्या कानावर बसली. पुन्हा मारलं. या वेळी माझ्या कानावर.

कौसा वर बघायला लागली. "साखळी एवढी लांब काहून?"

"ढिली पाहिजे. आखूड बांधून कसं चालेल?"

"त्याला कुठं चराया जायचं हाय?"

जन्मभर जनावरं बांधली. कधी आखूड बांधलं नाही, मान अवघडते म्हणून. हात आपोआप साखळी सोडून देतो. ही पिशवी आहे, हिला वैरण लागत नाही, हे माझ्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं. साखळी काढली आणि पिशवी भवरकडीला थेट अडकवली, फळीला चिकटून. मग ती वाजायला लागली.

वाजायला लागली पण जमेना. मारली की ती फळीवर मागं आपटते, पुढं येऊन आपटते, परत मागं जाऊन आपटते, आणि मग परत येताना मारायची. मधे मारली की सगळं बिघडतं. आम्ही दोघंही मधेच मारत होतो. माझा चष्मा गेला. कौसाच्या नाकाला लागलं, डोळ्यातून पाणी आलं, तर म्हणाली, "मुडद्याला हात न्हाईत तरी मारून राहिलं."

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं हातच उचलला नाही. मलाच मारायला लावलं आणि नुसती ऐकत बसली. मी मारत होतो, चुकत होतो, ती डोळे मिटून. मग म्हणाली, "हे तर कांडण हाय."

"कसलं कांडण?"

"एका उखळात दोन मुसळं. मी अन् जाऊबाई कांडायचो तसं. आपली पाळी येईस्तोवर हात वर धरायचा, पण खाली आणायचा न्हाई. घाई केली की मुसळावर मुसळ." आणि उठून उजव्या हातानं तिनं ती पिशवी पहिल्यांदा बरोबर वाजवली.

पण उजवा हात कुणाला पाहिजे होता? डावा हात ती उजव्या हातानं उचलून वर ठेवायची आणि उजवा काढला की तो पडायचा. मग मी तिच्या मागं उभा राहून डावं कोपर धरायला लागलो. मी कोपर धरायचं, तिनं मनगट ढकलायचं. आमचा ओटा रस्त्यावर. शेजारची शांताबाई पाण्याला जाता येता थांबायची. "काय भाऊजी, म्हातारपणी नाचून राहिले का?"

"तू बी ये," कौसा म्हणायची. "तुझ्या मालकाचं कोपर धरून आण."

मी दमत होतो. तिला दमलेलं चालत नव्हतं. "कोपर खाली आलं," म्हणायची. "तुमचंच आलं, माझं न्हाई." कधी कधी काहीच होत नसे आणि ती पिशवीकडं बघत नुसती उभी राही. एकदा मी म्हणालो, "राहू दे आता. तकलीफ कशाला? वेणी मी घालतो की."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी घालता, मी न्हाई म्हणते का? पण तुमी काय जन्माला पुरणार हाय का? आन् मी बी?" मग पिशवीकडं वळून म्हणाली, "धरा कोपर."

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी मी कोपर धरलं होतं आणि मला वाटलं, वजन कमी आहे. मी हळूच बोटं सैल केली. हात राहिला. थरथरत होता, पण राहिला. तिनं बोटांच्या मागच्या बाजूनं पिशवीला टिचकी दिली. फळीवर टक् झालं. एवढंच. तिनं मागं वळून बघितलं नाही. "सोडलं का हो?" म्हणाली.

"सोडलं."

"मग तसं सांगायचं न्हाई. हात घाबरतो."

त्यानंतर रोज सकाळी आमच्या ओट्यावरून टकटक सुरू झाली. आधी तुटक, मग सलग. गल्लीतले लोक म्हणायचे, कौसाबाईची गिरणी चालू झाली. सुनंदा चुलीपाशी बसून भाकरी थापायची तीही त्याच ठेक्यावर. गाईनं परत दूध द्यायला सुरुवात केली.

आणि कळमनुरीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी जीपवाल्याला थांबायला सांगून आलो तर कौसा ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसलेली, आगवळ दातात. मी दाराआड थांबलो. डावा हात डोक्यामागं गेला, घसरला, परत गेला. केस निसटले. तिनं पुन्हा गोळा केले. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, मी त्याला हातानं गप्प केलं. पुष्कळ वेळ लागला. शेवटी अंबाडा झाला तो डाव्या कानाकडं कललेला. तिनं पदर मागं सारला, डोकं उघडं ठेवलं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मांडवात बहीण पुढं आली. आनंदानं मिठी मारली आणि मग नजर गेली. "आगं, अंबाडा वाकडा झालाय. इकडं ये, नीट करते."

"वाकडा तर वाकडा," कौसा म्हणाली. "मपला हाय."

त्या दिवशी ती वरमाईपेक्षा ताठ बसली होती. तीनदा जेवणाचं वाढून घेतलं आणि वरणात मीठ कमी आहे हे आचाऱ्याला जाऊन सांगितलं.

नंतर ते रोजचंच झालं. सकाळी गिरणी, मग अंबाडा. सरळ कधी झाला नाही. ती गेली त्या सकाळीही तिनं दोन्ही केलं. मी मळ्यात पाणी द्यायला गेलो होतो. सुनंदाचा फोन आला, "मामा, लवकर या, आत्याबाई बसल्या बसल्या कलंडल्या." जीपमध्ये घालून हिंगोलीकडं निघालो. औंढा यायच्या आधीच तिनं श्वास सोडला. माझ्या मांडीवर डोकं होतं.

घरी आणली. बालाजी रात्रभर प्रवास करून पहाटे पोचला. बाया जमल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं आणलं, हळदीकुंकू, फुलं. शांताबाईनं फणी घेतली आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुमी भायेर व्हा. न्हाऊ घालायचंय."

मी दारातून हललो नाही. "न्हाऊ घाला. अंबाडा सोडू नका."

"आवं, केस मोकळे करून धुवावे लागतेत. रीत हाय."

"बाकी सगळी रीत करा. तेवढी राहू द्या."

"लई वाकडा हाय, भाऊजी. असं पाठवायचं का तिला? लोक काय म्हणतील?"

"तिनं बांधलाय."

शांताबाई फणी हातात धरून उभी राहिली. सुनंदा उठली, तिनं ती फणी शांताबाईच्या हातातून काढून घेतली आणि चुलीच्या मागं ठेवून दिली. मग तांब्या घेतला आणि पाणी खांद्यापासून खाली घातलं. जपून, मानेवर उडू नये म्हणून एक हात आडवा धरून. फुलांची वेणी अंबाड्यावर नाही, शेजारी ठेवली.

मळ्यात लाकडं रचली. तिला ठेवली तेव्हा डोकं सरळ बसेना, अंबाडा एका बाजूनं खाली लागत होता. भटजी म्हणाले, जरा नीट करा. बालाजीनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो, अंबाड्याखालचं एक लाकूड काढून घेतलं, आणि तिची मान अंबाडा दबणार नाही अशी उजवीकडं कलती ठेवली.